कोंडीवरचं पान

बसा. जनरेटर लावायला सांगू नका, वीज येईल तेव्हा येईल. मघापासून ऐकतोय तुमचे बेत. उद्या नदीवर जायचं, टायरच्या ट्यूबवर बसून वाहत खाली यायचं, अनुजा फोटो काढणार, दीपिका डबा घेणार. चांगलं आहे. मी कोण अडवणारा? मी आपला देवबागेत चार खोल्या भाड्याने देतो आणि पाहुण्यांना मासे वाढतो. पण त्याआधी आमच्या दत्तप्रसादाची गोष्ट ऐका. लांबची नाही, गेल्या मे महिन्यातली, संकष्टीच्या रात्रीची. शुक्रवार होता. चंद्र उगवायला दहा वाजून गेले होते.

दत्तू माझ्या चुलत बहिणीचा मुलगा, पण सगळ्या गावासारखा मला भाईच म्हणतो. कसालच्या आत त्याची काजूची बाग आहे, नदीला लागून. त्याच्या वयाचे सगळे मुंबईला गेले, हा राहिला. वडील आजारी, बाग सांभाळायला दुसरं कोणी नाही. शाळेतले दोन जिवाभावाचे मित्र, सुशांत आणि सर्वेश. दोघेही आता मोठ्या कंपन्यांत. वर्षभर दत्तूला विचारायचे नाहीत. एप्रिल आला की मात्र फोन सुरू. दत्ता, यंदा काय प्लॅन? मग प्लॅन कोणी करायचा? दत्तूने. आणि तो करायचासुद्धा, अगदी लग्नघरासारखी धावपळ करत. खरं सांगू का, मला त्याचा रागच यायचा. पण ज्याला अकरा महिने बोलायला माणूस नाही, त्याच्यावर रागावून तरी काय करणार?

दोन वर्षं त्यांनी आयत्या वेळी टांग दिली होती. यंदा ट्यूबवरून नदी उतरायची, असं सुशांतनेच काढलं. दत्तूच्या अंगात बारा हत्तींचं बळ आलं. त्या शुक्रवारी दुपारी तो कसालला पंक्चरवाल्याकडे गेला. ट्रकच्या जुन्या ट्यूब निवडल्या, प्रत्येक ट्यूब पिंपात बुडवून बुडबुडे येतात का ते बघितलं, हवा भरून घेतली, टेम्पोत घालून बागेतल्या मांगरावर आणून ठेवल्या. मांगर म्हणजे बागेतली राखणीची झोपडी. तिच्यासमोरच नदीची कोंड आहे, म्हणजे खोल डोह. बाकी नदी मे महिन्यात गुडघाभर, पण कोंडीचं पाणी काळं. तळ कोणी बघितलेला नाही.

आता आमच्याकडची रीत. त्या कोंडीत कौल घेतल्याशिवाय कोणी उतरत नाही. गुरव देवळात पाषाणाला ओल्या पाकळ्या लावतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पाकळी पडली तर हो, डावी पडली तर नाही. हसू नका. तुम्ही नाही का हवामान बघून निघत? दत्तूने आदल्या दिवशीच परशुराम गुरवाकडून कौल लावून घेतला होता. डावी पडली. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा डावी.

"ह्या वर्सा रवांदे, दत्तू," गुरव म्हणाला. "उतरा नकात."

झालं. दत्तू देवळाच्या पायरीवर बसून राहिला. आता हे मित्रांना कळवलं तर? आधी हसतील. मग म्हणतील, जाऊ दे, आपण दुसरीकडे जाऊ. आणि त्या दुसरीकडेमध्ये दत्तू नसेल, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याने फोन काढला आणि ग्रुपवर लिहिलं, "उजवो कौल झालो. येवा."

देवाच्या नावावर खोटं बोलला बघा. दोन दीडशहाण्या पोरांसाठी.

ते दोघे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत गाडीने येणार होते. रात्री मांगरावर जेवायचं, तिथेच झोपायचं आणि उजाडताच पाण्यात, असं ठरलं होतं. दत्तूने घरून डबा आणून ठेवला, चटया टाकल्या, कंदील पुसून लावला. सात वाजले. आठ वाजले. मांगरात फोन लागत नाही, कोंडीच्या काठावर एक उंच कातळ आहे तिथे उभं राहिलं तर कधीमधी लागतो. तो दोनदा जाऊन आला. फोन उचलत नव्हते. घाटात असतील, तो स्वतःला म्हणाला. जेवला नाही. त्यांच्याबरोबर जेवायचं म्हणून.

चंद्र वर आला. बागेत पान हलत नव्हतं. दत्तूचा डोळा लागला असेल नसेल...

"दत्तू."

सुशांतचा आवाज. नदीकडून.

"खंय रवलस रे? आमी कधीचे इलाव."

हा उठला तो धावतच. अनवाणी. बघतो तर कोंडीच्या मध्यावर दोघे ट्यूबवर बसलेले. पाय पाण्यात सोडलेले. झाडाची सावली होती, तोंडं दिसत नव्हती. पण बसण्याची ढब तीच. सर्वेशची मान जराशी तिरकी असते, ती तशीच तिरकी.

किती आनंद झाला असेल त्याला! गाडी खंय लावलात, मांगरावर का आला नाहीत, जेवलात काय, हा विचारतच सुटला. ते हसले. हळू. एकदम. दोघांचं हसू एकाच वेळी सुरू झालं आणि एकाच वेळी थांबलं.

"तुझ्याशिवाय मजा नाय रे," सर्वेश म्हणाला.

हे वाक्य, पोरांनो, दत्तूला आयुष्यात कोणी म्हटलं नव्हतं. तो तसाच पाण्यात उतरला. घोट्यापर्यंत. मग गुडघ्यापर्यंत. पाणी गार नव्हतं. कोमट होतं, अंगासारखं. तिसरी ट्यूब आपोआप त्याच्याकडे सरकत होती. रिकामी.

"थांबा, फोटो काढतंय," दत्तू म्हणाला. "ग्रुपवर टाकूया."

"बॅटरीचो उजेड लावू नको," सुशांत म्हणाला.

"लावत नाय."

फोन वर धरायला तो मागे कातळावर चढला. फोन थरथरला. रेंज आली होती.

सुशांतचं स्टेटस. नुकतंच टाकलेलं. समोर समुद्र, टेबलावर तळलेली सुरमई, बाटल्या, आणि दोघे एकमेकांच्या गळ्यात हात टाकून. खाली लिहिलेलं, देवबाग, फुल्ल धमाल.

तो फोटो इथला. ह्याच अंगणातला. ती सुरमई मी स्वतः वाढली होती. तेव्हा मला कुठे ठाऊक की हे दत्तूचे मित्र. सकाळी पाण्यातले खेळ करायचे म्हणून ते दुपारीच येऊन उतरले होते. जेवताना त्यातला एकजण म्हणालाही, त्याला उद्या कळवू, रुसतो नाहीतर. आणि दोघे हसले होते.

दत्तूने फोटो बघितला.

मग वर बघितलं.

दोघे तिथेच होते. बोलत नव्हते. हलत नव्हते. वाट बघत होते...

पाणी वाहत होतं. ट्यूब वाहत नव्हत्या.

"उतर," आवाज आला. आता तो सुशांतचा नव्हता. कोणाचाच नव्हता.

आता सगळ्यात वाईट सांगतो. दत्तू पळाला नाही. हे आपले मित्र नव्हेत, हे त्याला कळलं होतं. तरी तो उभा राहिला. मला नंतर म्हणाला, "भाई, खरे होते ते आमका इसारले. हे तरी बोलवत होते." आणि त्याने एक पाय पुन्हा पाण्यात घातला...

बराच वेळ.

मग मागच्या वाडीत कोणाच्या तरी कोंबड्याने बांग दिली. त्याने पाय काढला. पाठ फिरवली. हाक आली नाही. अडवलं नाही. फक्त पाण्यात कोणीतरी रडल्यासारखं... नदीच असेल.

तो पहाटे परशुराम गुरवाच्या दारात गेला आणि खोटं बोललो म्हणून सांगून टाकलं. उजाडल्यावर दोघे मिळून मांगरावर आले. ट्यूब होत्या तशा भिंतीला रचलेल्या. कोरड्या. एकीलाही पाण्याचा थेंब लागलेला नव्हता.

कोंडीच्या काठी, कातळावर, केळीचं पान मांडलेलं होतं. वर दुसरं पान झाकलेलं आणि उडू नये म्हणून त्यावर ओला धोंडा. उशिरा येणाऱ्या घरच्या माणसासाठी झाकून ठेवतात तसं. त्या काठाला चूल नाही, केळ नाही, वस्ती नाही. गुरवाने धोंडा बाजूला केला. भात, कुळथाची पिठी, भाजलेला सुका बांगडा. एकाच माणसाचं जेवण. कोणी हात न लावलेलं.

आठवड्याने दत्तू माझ्याकडे काजूगर घेऊन आला, तेव्हा हे सगळं बोलला. मी विचारलं, "मगे? तू काय केलस?"

त्याने काजूगराची पिशवी माझ्याकडे सरकवली.

"भाई," म्हणाला, "जेवलंय. भात अजून गरम होतो."