सातवी दुरुस्ती

आमची ओळखच मुळी भांडणातून झाली. तीही ईमेलवर, आणि तीही चुकून.

आमचं ऑफिस आर्किटेक्टचं. नकाशे सगळे दुसऱ्या खोलीतल्या सर्व्हरवर. एका सकाळी चौदा नकाशे रिकामे निघाले. सेव्ह झाल्याचं दाखवत होतं, उघडलं तर आत काहीच नाही. माझं डोकंच फिरलं. सर्व्हरवरच्या फाईली आपल्याच संगणकात असल्यासारख्या दाखवणारं जे सॉफ्टवेअर होतं, त्याच्या कोडमध्ये एक पत्ता सापडला. कंपनीचं तक्रारखातं समजून मी त्यावर मनसोक्त झाडलं आणि शेवटी तुमच्या साहेबांकडे जाईन अशी धमकीही दिली.

उत्तर आलं, ‘साहेब मीच, शिपाईही मीच. कंपनी वगैरे नाही. कोड सगळ्यांसाठी खुला आहे, नोकरी सांभाळून मी तो सांभाळतो. तुम्हाला चूक इतकी छान सांगता येते, तर दुरुस्तीही तुम्हीच पाठवा ना.’

आगाऊ कुठला! पण मी शिकले आणि पाठवली.

ती परत आली. दुसरी परत आली, तिसरीही. प्रत्येक वेळी खाली बारीकसारीक सूचना. चौथ्या वेळी कळलं, की तो याच शहरात राहतो. लिहून समजावण्यापेक्षा समोर बसू, म्हणाला. मग दर शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या टेबलावर आम्ही बसायला लागलो.

चूक दाखवताना तो बोट स्क्रीनला टेकवायचा नाही, जरा अंतरावर धरायचा. मी मुद्दाम माझं बोट तिथेच न्यायची… तो हात मागे घ्यायचा, पण सावकाश. मी त्याला मास्तर म्हणायची, तो मला तक्रारबाई. ‘तुम्ही’चं ‘तू’ कधी झालं, कळलंही नाही.

“सहा वेळा परत?” ताई म्हणाली. मी तिच्याकडेच राहते, तिच्यापासून काही लपत नाही. “अगं, स्थळाला तरी लोक एकदाच नकार देतात.”

सातवी दुरुस्ती मी तीन तारखेला पाठवली. पाचला परत आली. नावं आणखी सोपी ठेव, ओळींमधली जागा नीट कर, असलं काहीतरी. पुढचे तीन शनिवार कसे उडून गेले, विचारू नका. भुरभुर पावसात एका छत्रीतून बसस्टॉपपर्यंत जायचं, आणि बस आली की ती सोडून द्यायची.

मग मेलिंग लिस्टवर, जिथे वापरणारे आपल्या अडचणी मांडतात, एका बाईंचं पत्र आलं. लांबच्या एका छोट्या कार्यालयातल्या. अकरा महिने त्यांची माणसं पायी फिरून तीनशे विहिरींचं पाणी मोजत होती. एकोणीस तारखेला सगळ्या नोंदींची फाईल सेव्ह करताना लाईन गेली आणि फाईल रिकामी झाली. मूळच्या वह्या निम्म्याच उरल्या होत्या. ‘आम्ही तर दर सोमवारी नवी आवृत्ती घेतो,’ त्यांनी लिहिलं होतं, ‘मग असं का झालं?’

तीच चूक. माझे नकाशे खाल्ले होते, तीच. माझी दुरुस्ती वेळेवर कोडमध्ये घेतली असती, तर ती फाईल वाचली असती.

मी तशीच वाचनालयात गेले. शनिवार नव्हता, तरी तो तिथे होता. पत्र समोर उघडं होतं.

“सातव्या दुरुस्तीत काय चुकलं होतं?”

“काहीच नाही,” तो म्हणाला.

“मग परत का पाठवलीस?”

“घेतली असती तर… तू इथे कशाला आली असतीस?”

हे ऐकायला माझा जीव किती आसुसला होता. आणि ऐकलं तेव्हा त्याच्याकडे बघवेना. कारण मलाही ठाऊक होतं. पाच तारखेलाच. भांडणं मला काही नवीन नव्हतं, एकदा भांडले असते तर त्याने घेतली असती. पण मला शनिवार हवे होते. मी ते त्याला सांगून टाकलं. माझं तुझ्यावर प्रेम आहे, म्हटलं, म्हणून मीही गप्प बसले.

त्याने डोळे मिटले. “मला आनंद होतोय,” तो म्हणाला, “आणि त्याची मला किळस येतेय.”

त्याच दुपारी त्याने दुरुस्ती घेतली. मग लिस्टवर सगळं खरं लिहिलं, माझा उल्लेख टाळून, आणि कोड आता दुसऱ्या कोणी सांभाळावा असंही. त्याखाली मी माझं लिहिलं. कोणी शिव्या दिल्या नाहीत, तेच जास्त लागलं. कोड सांभाळायलाही कोणी पुढे आलं नाही.

तो त्या कार्यालयात जायला निघाला. उरलेल्या वह्यांवरून नोंदी पुन्हा भरायला, जमेल तेवढ्या. मीही येते, म्हटलं.

“नको. तू शेजारी असलीस की मी सुखात असतो. तिथे तसं जाऊन कसं चालेल?”

जाण्याआधी त्याने शेवटचा बदल पाठवला. सांभाळणाऱ्याच्या जागी त्याचं नाव काढून माझं. मी हो म्हणेपर्यंत ती जागा त्याचीच राहणार होती. दोनच ओळी. चार दिवस मी त्या वाचत राहिले, कुठे एखादा स्वल्पविराम तरी चुकलाय का म्हणून. तोवर तिघा अनोळखी माणसांच्या दुरुस्त्या त्याच्या पत्त्यावर येऊन पडल्या होत्या, आणि त्या बघायला तिथे कोणी नव्हतं.

शुक्रवारी सकाळी मी ‘मान्य’ लिहिलं. त्याचं नाव गेलं, तिथे माझं आलं. मी टेबलावर डोकं टेकून खूप रडले, आणि मग त्या तिघांतली पहिली दुरुस्ती उघडली.