तिसऱ्यांतलं प्रोटीन

"अकरापर्यंत मशीन माझ्या नावावर आहे," मी म्हटलं.

"माझ्याही..." तो हसला. बुकिंगच्या वहीत खरंच एकाच ओळीत दोन नावं होती, श्रुतिका आणि मिथुन.

अंधेरीतल्या आमच्या कॉलेजात प्रोटीन मोजायचं मशीन एकच. मी एमएस्सीसाठी गोराईच्या खाडीतल्या तिसऱ्यांमधलं, म्हणजे शिंपल्यांमधलं, प्रोटीन मोजत होते. त्याच, ज्यांचं आई सुकं करते! नमुन्यात रंग टाकायचा. प्रोटीन जितकं जास्त, तितका निळा गडद. पण त्या दिवशी माझ्या नळ्या फिकटच राहिल्या.

"पुन्हा करून बघूया?" त्यानं विचारलं.

बघूया! जणू काम दोघांचंच होतं.

मग तो रोजच यायला लागला. नळ्यांवर नंबर घालून द्यायचा, कटिंग चहा आणायचा आणि मी वर पाहिलं की नजर चोरायचा. तीन आठवडे निळा काही गडद होईना... आणि मला मात्र सकाळी कुठला कुर्ता घालावा ते सुचेना.

शेवटी मी रडकुंडीला आले. "वाट लागली रे. बारा दिवसांत थिसिस द्यायचाय. माझंच काहीतरी चुकतंय."

त्यानं हातातली नळी खाली ठेवली.

"तुझं नाही गं... आपण भेटायच्या आधी, माझं सामान काढताना तुझा नमुन्यांचा डबा मी फ्रीझरबाहेर ठेवला. विसरलो. शनिवार-रविवार बाहेरच राहिला. सोमवारी गुपचूप आत ठेवला."

म्हणजे प्रोटीन केव्हाच नासलं होतं!

"म्हणून येत होतास? वाईट वाटलं म्हणून?"

"पहिले दोन दिवस... हो."

"आणि नंतर?"

"नंतर तू आवडायला लागलीस — आणि सांगायची हिंमतच होईना."

मी बॅग उचलून दारापर्यंत गेले. परत आले. का, ते मलाच कळलं नाही.

"मी माझ्या गाईडना, वनमाला मॅडमना, सगळं सांगणार. तुझ्या नावासकट."

"चल, मीच सांगतो."

त्यानं सांगितलं. मॅडम दोघांनाही ओरडल्या, पण पंधरा दिवस वाढवून मिळाले.

रविवारी ओहोटीला आम्ही गोराईच्या चिखलात वाकून नव्या तिसऱ्या शोधत होतो. त्याची पँट गुडघ्यापर्यंत बरबटलेली.

"अजून रागावली आहेस?"

"हो," मी हात पुढे केला. "पण आधी हात धर... पाय रुतलाय."

तसा पाय काही रुतला नव्हता.