ओट्याचा दगड काही ठरेना

पहिल्याच भेटीत तिने त्याच्या दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र मार्बलवर किल्लीने ओरखडा काढला. घराचा वरचा मजला भाड्याने द्यायचा होता, तिथला ओटा स्वस्त हवा आणि टिकाऊही, म्हणून बिचारी घासून बघत होती. मागून दगडवाला म्हणाला, "झालं समाधान?" वळून बघते तर... गालाला दगडाची भुकटी आणि ओठांत दाबलेलं हसू. चूक तिची, पण लाजला तोच.

मार्बलवर लिंबाचा थेंब पडला तरी डाग राहतो, भाडेकरूसाठी नकोच ते, असं त्याने समजावलं. मग नमुने दाखवायला तो घरीच येऊ लागला. एका वेळी एकच तुकडा! आज काळा ग्रॅनाइट, उद्या ठिपक्यांचा, परवा हिरवट. त्यावर तेल सांडायचं, गरम तवा ठेवायचा, आणि डाग पडतो का ते बघत दोघांनी चहा प्यायचा. एवढ्यात लोकांची लग्नं ठरतात, असं आई म्हणालीसुद्धा. हिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

आणि मग एक नर्सबाई भाड्यासाठी घर बघायला आली. उंच, बोलकी, दिसायलाही छान. मेली हसतेही छान! दगडवाला नेमका तिथेच. राहायला कधी येणार, असं त्याने तिला एकदा नाही, दोनदा विचारलं. इकडे हिच्या अंगाचा तिळपापड झाला. आपल्याला कधी एवढ्या उत्सुकतेने काही विचारलं होतं का याने? "कळवते," असं तुटकपणे सांगून तिने नर्सबाईची बोळवण केली. कळवणार कसली, तिला घर द्यायचंच नाही, हे मनात पक्कं झालं होतं.

"ओट्याला साधी फळीच टाका," ती फणकाऱ्याने म्हणाली.

"पाण्याने फुगेल."

"फुगू दे. ती येणार म्हणून तुम्हाला एवढी काळजी?"

तो हातातला तुकडा उगाच पुसत राहिला.

"ती यायच्या आत ओटा बसवावा लागणार... आणि ओटा बसला की माझं इथलं काम संपणार. काळा ग्रॅनाइट मी पहिल्याच दिवशी ठरवला होता. ती महिन्याभराने येते म्हणाली असती, तर तेवढेच दिवस..."

हिच्या कानशिलांपर्यंत ऊन ऊन चढलं. मत्सर कुठल्या कुठे पळाला आणि उरली ती नुसती लाज. ती तडक गॅलरीत गेली. नर्सबाई अजून फाटकाशीच रिक्षाची वाट बघत होती. घर तुमचंच, सामान कधीही आणा, असं हिने वरूनच ओरडून सांगितलं.

आत आली तर तो पडलेल्या चेहऱ्याने मापाची टेप गुंडाळत होता.

"काळाच बसवा," ती म्हणाली. "आणि लवकर."

"बरं."

"काम संपलं की संध्याकाळी खाली या. आईशी... तुम्हीच बोला. माझ्याच्याने नाही व्हायचं."