मुठीतला ठोका

इचलकरंजीच्या त्या कपड्यांच्या कारखान्यात तपासणी झाल्याशिवाय एकही इस्त्री सुरू होत नसे. इस्त्रीच काय, मिक्सर, ड्रिल, केस वाळवायचं यंत्र, हातात धरायचं प्रत्येक विजेचं उपकरण सगळीकडेच दरवर्षी तपासलं जाई. शॉक लागून माणूस दगावल्याची बातमी वाचून लोकांना बरीच वर्षं झाली होती. हे घडलं डॉ. विभावरी नाडगौडांनी शोधलेल्या स्मरणरोधकामुळे.

पूर्वी तारेवरचं आवरण नुसती वीज अडवायचं. तपासणीच्या वेळी ते ठीक दिसलं की उपकरण पास. आदल्या आठवड्यात त्यातून किती वीज झिरपली, हे कुणालाच कळत नसे. स्मरणरोधक म्हणजे आठवण ठेवणारं आवरण. तीळभर वीज झिरपली तरी त्याच्या रेणूंची ठेवण बदलते आणि तशीच राहते, ओल्या मातीत पाऊल उमटावं तशी. तपासयंत्र ती पावलं वाचतं आणि धोका होण्याआधीच सांगतं.

विभावरीबाई त्या दिवशी स्वतः आल्या होत्या, कारण तपासयंत्र नवं होतं, पहिल्यापेक्षा कितीतरी तल्लख. इस्त्रीकाम करणाऱ्या शकीला नदाफची इस्त्री त्यांनी यंत्राला जोडली. गळती नगण्य होती, इस्त्री उत्तम. पण पडद्यावरची रेघ ठरावीक अंतराने हलकेच उचलत होती. मध्येच एक उचल गळायची, मग दोन लागोपाठ यायच्या.

बाईंना उमगायला वेळ लागला नाही. झिरपलेली वीज हातातून अंगात जाते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला अंगातलं रक्त हलतं, तशी तीही किंचित कमीजास्त होते. आवरणानं इस्त्रीबरोबर शकीलाचं काळीजही लिहून ठेवलं होतं.

त्यांनी तिला जिन्याखाली बोलावलं.

"शकीलाताई, चक्कर येते का तुम्हाला?"

"येती की मॅडम. वाफेत उभं ऱ्हायचं म्हटल्यावर येणारच. का हो? माझी इस्त्री नापास झाली काय?"

"इस्त्री पास आहे. तुमच्या हृदयाचे ठोके चुकतायत."

शकीला हसली. "इस्त्रीनं सांगितलं?"

"हो, इस्त्रीनंच. मी डॉक्टर आहे, पण विजेची. उद्याच्या उद्या हृदयाच्या डॉक्टरांकडे जा. थांबू नका."

शकीलाचं हसू मावळलं. "साहेबांना सांगू नका तेवढं," ती म्हणाली.

बाईंनी शब्द दिला आणि पाळलाही. शकीला दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर म्हणाले, उशीर केला असता तर उभ्या जागी कोसळली असती. छातीत पेसमेकर बसला आणि ती चालती-बोलती घरी आली. विभावरीबाईंना इतका आनंद कोणत्याही पुरस्कारानं झाला नव्हता.

पण वाचलेल्या रेघा यंत्रात साठत होत्या आणि कायद्यानं त्यांची मालकी उपकरणाच्या मालकाकडे होती. शकीलाच्या रजेचं कारण कळल्यावर व्यवस्थापक प्रल्हाद मगदूम यांनी त्या मागवून घेतल्या. माणूस वाईट नव्हता. शकीलाला त्यांनी पूर्ण हिशेब दिला आणि हात जोडून म्हणाले, "बाई, तुम्हाला आमच्याकडं काही झालं तर? घरी आराम करा." रेघेत ठोके चुकलेल्या आणखी दोघींना त्यांनी असंच काळजीनं घरी पाठवलं. हळूहळू गावातले इतर कारखानेही कामगारांच्या रेघा मागू लागले.

पुढच्या वर्षी विभावरीबाई पुन्हा आल्या. एकामागून एक इस्त्री त्यांनी जोडली. प्रत्येक रेघ सपाट, मेलेल्या माणसाची असावी तशी. त्यांनी वळून पाहिलं. उकाड्यानं जीव नकोसा झालेला, तरी ओळीतल्या प्रत्येक बाईच्या हातात जाड रबरी मोजे होते. कुणाच्या मनगटाशी घामोळं चिघळलं होतं. रबरातून वीज जात नाही. ठोकाही जात नाही.

"शकीलाताई आज जिवंत आहेत त्या या यंत्रामुळे," बाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या. "तुमच्यातही कुणी तशी असेल. मोजे काढून एकदा इस्त्री धरा. मी कुणाला काही सांगणार नाही."

"तुम्ही न्हाई सांगणार हो मॅडम," पुढची सुलभा आवळे म्हणाली. "यंत्र सांगंल."

"पण जीव गेला तर?"

"जाईल तवा जाईल. काम उद्याच जातंय."

तिनं पुढचा सदरा फळीवर पसरला. विभावरीबाई ओळीच्या शेवटापर्यंत चालत गेल्या, प्रत्येकीच्या चेहऱ्याकडे बघत. एका बाईच्या ओठांना निळसर छटा होती. विभावरीबाई तिच्यापाशी थांबल्या. तिनं मान खाली घातली, मोजा मनगटावर घट्ट ओढला आणि इस्त्री उचलली.