नळीतलं पाणी

दार लावून घ्या आणि मधेमधे फाटे फोडू नका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो सायकल-मिस्त्री आपल्या चांगल्या ओळखीचा, आजही दुकानात बसतो.

त्याच्या मुलीला इस्पितळात नर्सची नोकरी लागली. आई लहानपणीच गेलेली, त्यामुळे लेकीवर त्याचा भारी जीव. जायचा रस्ता कालव्याकाठचा, लांबचा. सायकल हवी होती, तर मेहुण्याने आपली जुनी सायकल फुकट देऊ केली आणि मिस्त्री ती आणायला गेला. तिथेच त्याच्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मेहुणा पक्का कवडीचुंबक, चहातसुद्धा साखर चिमटीने टाकणारा. तो सायकल फुकट देतो?

दुकानात आणून उचलली, तर सांगाड्याच्या नळीत खळखळ. त्याने फोन लावला.

"काय रे, पाण्यात पडली होती का ही?"

"छे हो दाजी! माळ्यावर होती. कोरडी ठाक."

"मग आत काय, तुझे अश्रू आहेत?"

मेहुणा हसला नाही. कुठेतरी पाणी मुरतंय, एवढं मिस्त्रीला कळलं.

त्याने सीट काढली, सायकल उलटी टांगली. तांब्याभर काळं पाणी निघालं, शेवाळाच्या वासाचं. दुसऱ्या दिवशी हलवली तर पुन्हा खळखळ! मग त्याने नेहमीचा इलाज केला. पेडलपाशी, नळ्या जिथे खाली एकत्र येतात, तिथे तळाला ड्रिलने बारीक भोक पाडलं. पाण्याला वाट करून दिली की पाणी थांबत नाही, हे त्याचं ठरलेलं वाक्य. खळखळ थांबली आणि मुलगी सायकलवरून कामाला जाऊ लागली.

एका सकाळी अंगणात थेंबांची ओळ दिसली. सायकलीपासून निघून फाटकाबाहेर, थेट कालव्याच्या पायऱ्यांपर्यंत. सायकल जागेवर, कुलूप जसंच्या तसं. हे मेहुण्याचेच चाळे, असं मिस्त्रीला वाटलं. "आज बघतोच लेकाला," तो म्हणाला.

मार्चमधला शेवटचा शनिवार होता. रात्री त्याने दोन्ही चाकं काढली, सांगाडा घरात हुकाला टांगला, दाराला आतून कडी घातली आणि दिवा लावून खुर्चीत बसला. मुलगी आतल्या खोलीत झोपली होती. साडेबारा वाजले.

टप्.

सांगाड्याखाली एक थेंब.

टप्.

दुसरा... वीतभर पुढे.

सांगाडा जागचा हलला नव्हता.

थेंब बाहेरच्या दाराकडे जातील, असं वाटून मिस्त्री बघत राहिला. दाराकडे नाही गेले. आत वळले. मुलीच्या खोलीकडे.

टप्... टप्...

मग काहीच नाही.

भिंत धरून तो उंबऱ्यापर्यंत गेला. मुलगी गाढ झोपेत होती. डोळे मिटलेलेच. ओळखीच्या माणसाशी बोलावं तसं ती हळूच म्हणाली,

"बसा ना मागे... कुठे सोडू?"

उजाडताच त्याने मेहुण्याची गचांडी धरली. "खरं बोल!"

मेहुणा रडकुंडीला आला. "कालवा आटला होता ना दाजी... तेव्हा गाळात सापडली. नुसती सायकलच होती. माणूसबिणूस नव्हता."

"शोधलंस?"



दोघांनी मिळून ती सायकल पुन्हा कालव्यात लोटली. मिस्त्रीने मुलीला नवीकोरी सायकल घेतली, जायचा रस्ताही बदलायला लावला. पोरीला यातलं काही सांगितलं नाही. वाट आपणच करून दिली, हे मात्र त्याच्या मनातून जात नाही. ती घरी आली की तो आधी सांगाडा उचलून हलवतो, कान लावतो. खळखळ नाही. नळी कोरडी असते.

मुलगी एकटीच येते. बाहेर ऊन रणरणतं.

आणि मागचं कॅरियर रोज ओलं असतं.