लिंबाने फाटलेली पावडर

"ताई, उद्या पोलीस भरतीची धाव हाय, अन् माझ्या प्रोटीनमधी कुणीतरी विष कालवलंय!"

हनुमान पोट धरूनच आत शिरला. आश्रुबाने लगबगीने खुर्ची सरकवली. माजलगावात खासगी तपासाची कामं घेणाऱ्या यशोधराताईंचा तो जुना मदतनीस. गुन्हेगार त्याला झटकन सापडे. फक्त दरवेळी भलताच.

"संशय कुणावर?" ताईंनी विचारलं.

"सटव्यावर. एकाच खोलीत राहतो, उद्या धावणारही संगंच. आज त्याला फोडतोच!"

"हात उचललास अन् गुन्हा नोंद झाला, तर भरती विसर."

ताईंनी त्याने आणलेला पावडरीचा डबा उघडला. पांढरी पावडर, मधूनच बारीक पिवळे ठिपके.

ताई दुकानात चौकशीला गेल्या, तसा डबा विकणारा नाथा तडकलाच. "सील यानंच फोडलं, माझ्यासमोर! आठवडाभर लई झकास म्हणत व्हता." ताईंनी त्याच कंपनीच्या दुसऱ्या डब्यातली चमचाभर पावडर मागून घेतली.

सटवा खोलीवर बूट पुसत होता. "मी कावून विष घालू? पहाटं मला उठवतो कोण? हाच!"

"कसा साळसूद बोलतोय," आश्रुबा ताईंच्या कानाशी पुटपुटला.

तेवढ्यात हनुमानची आई केसरबाई दुधाची किटली घेऊन आली. दारातलं गलेलठ्ठ कुत्रं शेपूट हलवत किटलीमागे आलं. तिने झाकण काढलं. दुधावर हळदीची चिमूट.

"घराबाहेर जाणाऱ्या दुधाला नजर लागती, ताई. ह्यो ग्राउंडवर असतो तवा मी रोज दूध ठेवून, खोली झाडून जाती."

ताईंनी दोन पेल्यांत दोन्ही पावडरी पाण्यात कालवल्या, वर लिंबू पिळलं. नाथाची पावडर तशीच राहिली. हनुमानची मात्र फाटून गोळा झाली.

"सटव्या, सापडलास!" आश्रुबा ओरडला.

"थांबा, आश्रुबा," ताई म्हणाल्या. "खरी पावडर दूध फाडून उरलेल्या निवळीची. त्यात लिंबाने फाटेल असं काही उरत नाही, अन् दुधातली साखरही बहुतेक काढलेली असते. फाटली ती साधी दुधाची भुकटी. आता सांगा, भुकटीलाही नजर लागू नये म्हणून हळद कोण घालेल?"

सगळे केसरबाईकडे वळले.

"मीच बदलली," ती ताठपणे म्हणाली. "डब्यातल्या औषधापरीस दूध बरं. त्यात विष कसलं?"

"ह्याला दूधच बाधतं, त्यातली साखर पचत नाही. कुत्रं बघा, कुणाच्या वाट्याचं पिऊन माजलंय?"

हनुमानने मान खाली घातली. "पचत न्हाई गं आई. तू येवढ्या लांबून आणतीस, सांगू कसं?"

 केसरबाईने किटली उचलून कुत्र्यापुढे रिकामी केली.

हनुमानने सटव्याचा एक बूट ओढून घेतला आणि स्वतः पुसू लागला.

दुसऱ्या दिवशी दोघंही वेळेत धाव पूर्ण करून आले. कडेला केसरबाई उभी होती, हातात तीच किटली.

"परत दूध?" आश्रुबा धसकला.

"मटकीची उसळ हाय."

"अन् हळद?"

"ती तर फोडणीतच असती की!"