आज काय वाजवलंत?

काचेच्या खोलीतली आर्द्रता: सत्तेचाळीस टक्के.

"रोज दोन वेळा घासता ना?" "हो डॉक्टर, दोन वेळा."

धुवायला टाकलेले पांढरे सुती हातमोजे, सहा जोड.

उशीवर ठेवलेला एक डावा हात. बोटं किंचित आत वळलेली.

रविवार, दुपारचे साडेबारा. जेवणाचा डबा, अजून गरम.

*

डॉक्टर दातांचे. दुसऱ्यांच्या तोंडात डोकावून पोट भरणारा माणूस, असं त्यांचा मेहुणा म्हणायचा. घरात एक काचेची खोली आणि तिच्यात अकरा गिटारी. प्रत्येकीला वेगळं कपाट, वेगळं कुलूप, आणि तिच्या अंगाच्या इंच इंच जागेचे फोटो चिकटवलेली वही. त्यातली एकही ते वाजवत नसत. वाजवली की झिजते आणि झिजली की ती ती राहत नाही, असं त्यांचं साधं गणित. महिन्यातून एकदा हातमोजे घालून पुसायच्या, तारा सैल आहेत ना बघायचं, बस्स.

मेहुण्याकडे एकच गिटार. बावीस वर्षं तीच. रोज संध्याकाळी एका हॉटेलात तो ती चार तास वाजवायचा आणि सकाळी बोटं मोकळी करायला घरी पुन्हा तीच. हात टेकून टेकून तिच्या पोटावरचं पॉलिश उडालं होतं, खालचं लाकूड उघडं पडलं होतं. डॉक्टरांच्या काचेच्या खोलीला तो शवागार म्हणायचा.

"दाजी, एखादीला तरी बाहेर काढा. गुदमरून मरेल बिचारी."

"तू तुझीला जरा झोपू दे आधी. कंबरडं मोडलंयस तिचं."

असं हसतखेळत चालायचं. मग एका सकाळी शर्टाची बटणं लावता लावता मेहुण्याचा डावा हात गेला. कोपरापासून खाली, दिवा विझावा तसा. तपासण्या झाल्या, सुया टोचून झाल्या. कारण सापडलं नाही आणि हातही परत आला नाही.

गिटार डॉक्टरांकडे आली.

"एकच मागणं आहे दाजी," मेहुणा म्हणाला. "रोज अर्धा तास वाजवा. बेसूर वाजवा, कशीही वाजवा. पण तिला गप्प बसवू नका."

"शब्द देतो," डॉक्टर म्हणाले.

घरी आल्यावर त्यांनी तिचे फोटो काढले, तारा सैल केल्या, तिला बाराव्या कपाटात ठेवलं आणि कुलूप लावलं. किल्ली एकच, त्यांच्याच खिशात.

*

मेहुणा गावाच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटा राहायचा. दर रविवारी डॉक्टर आणि त्यांची बायको डबा घेऊन जायचे. पहिल्याच रविवारी, डबा उघडण्याआधी, त्याने विचारलं, "आज काय वाजवलंत?"

बायकोने नवऱ्याकडे एकदा पाहिलं आणि ती ताटं आणायला आत गेली. बारावं कपाट तिनेही पाहिलं होतं.

खरं सांगून टाकावं, असं डॉक्टरांच्या मनात आलं. आलं आणि गेलं.

"वाजवलं थोडंफार."

"थोडंफार म्हणजे? पेशंटने असं सांगितलेलं चालतं का तुम्हाला?"

नसतंच चालत. डॉक्टरांना रोज खोटं ऐकायची सवय होती. नुसतं 'हो' म्हणतात ते बिचारे घाबरलेले असतात. कुठल्या ब्रशने, किती मिनिटं, वरून खाली की खालून वर, असं सविस्तर सांगतात त्यांच्या हिरड्या हमखास सुजलेल्या असतात. म्हणून डॉक्टर आता सविस्तर सांगू लागले.

"जाड तारेवर अडकतोय. तिसऱ्या पट्टीपाशी बोट फार दाबावं लागतं."

मेहुण्याचा चेहरा उजळला. "लागतंच तिथे. दाबा, दाबा. सोडू नका."

परतताना गाडीत बायको एवढंच म्हणाली, "शोभतं का हो तुम्हाला?" डॉक्टरांनी सिग्नलकडे बघितलं.

महिन्याने पुसायला गिटार बाहेर काढली तेव्हा तिच्या मानेवरच्या तिसऱ्या धातूच्या पट्टीवर, बरोबर जाड तारेखाली, एक खाच होती. जुनीच असेल, असं त्यांना वाटलं. त्यांनी वही उघडली. फोटोत ती पट्टी गुळगुळीत होती.

आणि तारा सैल नव्हत्या. ताणलेल्या होत्या, सुरात लावलेल्या.

पुढच्या रविवारी त्यांनी, गोष्ट खरी वाटावी म्हणून, एक ओरखडा रचला. "नख लागलं हो. पोटावरच्या भोकाच्या खाली, एवढासा ओरखडा. सॉरी."

"लागू द्या. अंगावर चार खुणा हव्यातच बाईच्या."

घरी आल्यावर त्यांनी हातमोजेही न घालता कुलूप काढलं. भोकाच्या खाली, नखाच्या कोरीएवढा, ताजा ओरखडा. त्याच्या कडेला लाकडाची बारीक भुकटी होती.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी गिटारींचा कारागीर बोलावला. तो चष्मा कपाळावर चढवून पट्ट्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

"सुरेख. रोज चार तास तरी वाजते ही. कोण वाजवतं?"

"घरातलेच."

"मग बाकीच्या अशा का ठेवल्यात, लोणचं घालायला?" तो हसला. डॉक्टरांना हसता आलं नाही.

मग त्यांनी परीक्षा घेतली. "आज दुसरी तार तुटली," ते रविवारी म्हणाले आणि जेवणही न करता निघाले. काचेची खोली शांत होती. आर्द्रतेचा काटा सत्तेचाळीसवर. कुलूप लावलेलं. आत दुसऱ्या तारेचं तुटलेलं टोक वर वळलेलं होतं आणि अजून थरथरत होतं.

*

"अहो, इकडे या जरा."

त्याच्या पुढच्या रविवारी बायको भावाची नखं कापत होती. तिने त्याचा मेलेला हात उलटा करून दाखवला. चारही बोटांच्या टोकांवर घट्टे होते, पिवळट, टणक. घट्ट्यांवर तारेच्या जाडीच्या चिरा. एकीतून रक्त येत होतं.

"कुठे आपटतं कोण जाणे," ती म्हणाली. "जाणीवच नाही ना हाताला."

बोटं वापरात नसली की घट्टे महिन्या-दोन महिन्यांत विरघळून जातात. हात जाऊन सहा महिने होऊन गेले होते. मेहुणा खिडकीबाहेर बघत होता.

डॉक्टरांना तोंड वर करवेना. आपण इथे बसून वरणभाताच्या घासाइतक्या सहज थापा मारतो, आणि त्याची किंमत कुठून वसूल होते ते समोर उशीवर पडलं होतं.

सोमवारपासून ते खरोखर वाजवू लागले. दवाखान्यात जाण्याआधी अर्धा तास, हातमोज्यांशिवाय. बेसूर, केविलवाणं. बोटं सुजली. पेशंटच्या तोंडात आरसा धरताना कळ यायची. त्यांना ती कळ बरी वाटायची.

तीन रविवार त्यांनी खरं तेच सांगितलं.

चिरा भरून आल्या. घट्टे गेले. चौथ्या रविवारी मेहुण्याच्या बोटांची टोकं लहान मुलासारखी मऊ होती.

आणि त्याने ताटाला हात लावला नाही.

बायको आत भांडी घासत होती. नळ सुरू होता.

"दाजी, हल्ली तुम्ही खरंच वाजवता ना?"

"हो."

"म्हणूनच." तो हळू बोलत होता. "आधी ऐकू यायची मला. हात इथे पडलेला असायचा आणि आत वाजत असायचं. तुम्ही जे जे सांगायचात ते सगळं मला वाजवायला मिळायचं. आता काहीच नाही."

"तुला माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही कुठले वाजवताय!"

"अरे, बोटं फाटत होती तुझी."

"फाटू द्या की. माझी आहेत." तो पुढे झुकला. "खोटं बोला, दाजी. तुम्हाला छान जमतं."

डॉक्टरांनी मान हलवली. नाही.

"आज काय वाजवलंत?"

नळ वाहत होता.

"आज," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांना स्वतःच्या आवाजाची लाज वाटली, "आज फार वेळ वाजवलं. सगळ्या तारांवर. थांबवेनाच."

उशीवरची करंगळी हलली. मग तिच्या शेजारचं बोट.

"मग?" मेहुण्याने डोळे मिटले होते.

"मग वेग वाढवला."

पांढऱ्या अभ्र्यावर एक ठिपका उमटला. मग चार.

"मग?"

ते सांगत राहिले.

हात जायच्या तीन आठवडे आधी, याच खोलीत, ती गिटार न्याहाळत डॉक्टर म्हणाले होते, "तुझा डावा हात चालेनासा झाला ना, की ही माझी."